निळी रेषा, लाल रेषा

शिराळा तालुक्याच्या दक्षिणेस वारणा; पलीकडे कोल्हापूर जिल्हा. चांदोलीकडून आलेले पाणी कोकरूड, मांगले अशा गावांच्या शिवारांजवळून वाहत हरिपूरला कृष्णेस मिळते. काठची सपाट, गाळाची जमीन नदीनेच पुरात पसरलेली असते. म्हणून तिला पूरमैदान म्हणतात. पुराच्या वेळी नदी आपल्याच जागेवर येते. मधल्या काळात आपण तिथे घर बांधलेले असते.

गिल्बर्ट व्हाइट या अमेरिकन भूगोलज्ञाने १९४५ साली हाच मुद्दा मांडला : केवळ धरणे-बांध पुरेसे नाहीत, जमिनीचा वापरही आवरला पाहिजे. बांध झाला की लहान पूर थांबतात, लोक निर्धास्त होतात आणि वस्ती नदीकडे सरकते. १९६८ साली अमेरिकेने पूरविम्याचा कायदा करून त्याची सांगड नियमनाशी घातली. जे गाव पूरमैदानातील बांधकामावर नियम लावील, तेथील घरमालकांनाच हा विमा मिळे.

भारतात केंद्राने १९७५ साली नमुना विधेयक राज्यांकडे पाठवले. मणिपूरने १९७८ साली कायदा केला. महाराष्ट्रात मात्र पाटबंधारे खात्याचे १९८९ चे परिपत्रक आले. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. नदी ते निळी रेषा निषिद्ध क्षेत्र : शेती, मैदान, बाग चालेल, घर नाही. दोन रेषांमधले क्षेत्र नियंत्रित.

‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांनी फार घोटाळा केला आहे. अर्थ इतकाच, की दर वर्षी शक्यता १ टक्का. ३० वर्षे पूर न येण्याची शक्यता म्हणजे ०.९९ चा तिसावा घात, सुमारे ०.७४. म्हणजे लाल रेषेवरच्या घराला तेवढ्या काळात पूर गाठण्याची शक्यता २६ टक्के. निळ्या रेषेवर ती ७१ टक्के! शिवाय हे गणित जुन्या नोंदींवर उभे. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट; २००५, २०१९ आणि २०२१ साली पाणी ५० फुटांवर गेले. सोळा वर्षांत तीनदा! अशा वेळी रेषा पुन्हा आखणेच शास्त्रीय ठरेल.

आपल्याकडे पुराचे संरक्षण बहुधा आगीच्या विम्यातून मिळत आले. २०२१ पासूनच्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीतही ते आहे. पण विमा आणि रेषा यांची गाठ अमेरिकेसारखी पडली नाही.

नदीकाठच्या शाळांनी एक करावे. देवळांच्या, घरांच्या भिंतींवर पुराच्या खुणा असतात. साध्या पाणनळीने त्यांच्या पातळ्या जोडून गावाच्या नकाशावर रेषा काढावी, आणि पाटबंधारे कार्यालयातील रेषेशी ताडून पाहावी.