ग्रामीण नेतृत्व, महाराष्ट्रातील
ग्रामीण समाजातून पुढे येऊन सार्वजनिक संस्थांचा कारभार पाहणाऱ्या कार्यकर्त्यांचा वर्ग. पूर्वी गावचा कारभार वतनदार पाटील-कुलकर्ण्यांकडे वंशपरंपरेने असे. सत्यशोधक समाजाने (१८७३) जन्मसिद्ध श्रेष्ठत्वालाच आव्हान दिले. भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेने (१९१९) सर्व जातींच्या मुलांना एका वसतिगृहात ठेवून शिकविले. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्यात पुढाकार विठ्ठलराव विखे पाटलांचा. अध्यक्षपद मात्र अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्याकडे होते. त्यांच्या सहवासात शेतकरी संचालक भागभांडवल, कर्जे व ताळेबंद यांचे व्यवहार शिकले. औपचारिक प्रशिक्षणवर्गांपेक्षा ही उमेदवारी अधिक फलदायी ठरली, असे म्हणावे लागेल. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर अशा कार्यकर्त्यांना सत्तेचे क्षेत्र मिळाले. तथापि कारखान्याचे सभासदत्व प्रामुख्याने ऊस-उत्पादकांचे. भूमिहीन मजूर या शिक्षणाबाहेरच राहिला. स्त्रियांचीही तीच गत झाली. ७३ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) पंचायतींत त्यांच्यासाठी किमान एकतृतीयांश जागा राखून ठेवल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये ते प्रमाण निम्म्यावर नेले. तरीही काही गावांत सही सरपंच स्त्रीची व निर्णय पतीचा, असे आढळते.