बोटीच्या कुशीवरची रेघ

भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचमध्ये बसले म्हणजे माझी नजर पाण्यापेक्षा नांगरून पडलेल्या मोठमोठ्या बोटींकडेच अधिक जाते. गेल्या उन्हाळ्यात भाचा बरोबर होता. एका मालवाहू बोटीला वळसा घालून आमची लाँच चालली असता त्याने तिच्या काळ्या अंगावर मधोमध काढलेले पांढरे वर्तुळ आणि त्याला आडवी छेदून गेलेली रेघ मला दाखवली व विचारले, "मामा, ह्या बोटीला कुंकू कुणी लावलं?"

मी उत्तर जुळवतो आहे तोच सुकाणूवरचा तांडेल हसून म्हणाला, "कुंकू नाय ते पोरा, माप हाय. रेघ पाण्याखाली गेली का समजायचं, बोट जास्त भरली."

एवढ्यावर पोराचे समाधान झाले. माझे झाले नाही. ती रेघ ज्याच्या नावाने जगभर ओळखली जाते तो ना खलाशी होता, ना बोटी बांधणारा. तो कोळशाचा व्यापारी होता. सॅम्युअल प्लिम्सॉल हे त्याचे नाव. त्या रात्री अंगणात बाज टाकून मी भाच्याला त्याची गोष्ट सांगितली. आज दिवाळीच्या फराळाबरोबर ती वाचकांपुढेही ठेवतो.

प्लिम्सॉलचा जन्म १८२४ साली ब्रिस्टॉल येथे झाला. बाप जकातखात्यात नोकर. बदलीची नोकरी आणि खाणारी तोंडे पुष्कळ. शाळा लवकरच सुटली आणि शेफील्डच्या एका दारूच्या भट्टीत पोरगा कारकून म्हणून चिकटला. हुशारीने तो तिथलाच व्यवस्थापक झाला. घराणे ख्रिस्ती धर्मातील काँग्रिगेशनल पंथाचे. ह्या पंथात बिशप नाही. प्रत्येक मंडळी आपला कारभार आपणच पाहते आणि देवापुढे जो तो आपला जबाबदार. आपल्याकडे अहमदनगरला ज्या अमेरिकन मिशनने शाळा काढल्या आणि ज्याच्याशी रेव्हरंड टिळकांचे नाव जोडले गेले, त्या मिशनची मुळे ह्याच पंथातली. तेव्हा ही माणसे मराठी वाचकाला अगदीच परकी नाहीत.

१८५३ च्या सुमारास प्लिम्सॉल लंडनला गेला आणि कोळशाचा धंदा मांडून साफ बुडाला. हाती काही उरले नाही. सात-आठ शिलिंगांत आठवडा काढायचा, आणि राहायचे मजुरांच्या खानावळवजा धर्मशाळेत, अशी पाळी आली. त्या जागी तो भीत भीत आणि नाइलाजाने गेला, हे त्याने पुढे आपणच लिहून ठेवले आहे. मनात होते की तिथे सगळे दारुडे नि चोर भेटतील. भेटले ते काम सुटलेल्या सोबत्याला आपल्या ताटातला घास काढून देणारे लोक. पोटभर जेवलेल्या माणसाने गरिबांविषयी काढलेले उद्गार नि एकदा त्यांच्या पंक्तीला बसलेल्याने काढलेले उद्गार ह्यांत फरक पडायचाच. प्लिम्सॉलच्या पुढच्या साऱ्या आयुष्याचा उगम मला त्या धर्मशाळेतच दिसतो; पार्लमेंट नंतरचे.

त्याचे दिवस पालटले तेही कोळशानेच. यॉर्कशरच्या खाणींतला कोळसा आगगाडीने लंडनला आणायचा आणि वाघिणीतून तो असा उतरवायचा की त्याचा चुरा होऊ नये, अशी युक्ती त्याने काढली. किंग्ज क्रॉस स्टेशनाजवळ त्याच्या नावाचा कोळसा उतरवण्याचा पूलही होता. पैसा आला. खाणमालकाच्या घरातील एलायझा रेल्टन हिच्याशी लग्न झाले. तिला मूल झाले नाही, पण दोघांनी एका मुलीला आपली म्हणून वाढवले. १८६८ साली प्लिम्सॉल डर्बी शहरातर्फे उदारमतवादी पक्षाचा सभासद म्हणून पार्लमेंटात गेला.

आता त्या काळच्या बोटींविषयी सांगणे भाग आहे, कारण सगळी मेख तिथेच आहे. बोट मालाने जितकी जड भरावी तितके नोर अधिक, हा साधा हिशेब. पण जड भरलेली बोट पाण्यात खोल बसते. डेक आणि लाट ह्यांत अंतर उरत नाही, लाट वर चढली की निथळून जायला अवधी मिळत नाही, आणि बोट पुन्हा डोके वर काढू शकत नाही. हे मालकाला कळत नव्हते असे मुळीच नाही. पण विमा होता. एका बोटीची जोखीम अनेक विमेकरी थोडी थोडी वाटून घेत. बोट बुडाली तर प्रत्येकाचे नुकसान थोडेसे. तेवढ्यासाठी कोर्टात जाऊन मालकावर लबाडी शाबीत करीत बसणार कोण? जुनीपुराणी बोट किमतीपेक्षा अधिक रकमेला उतरवली असली, तर ती सुखरूप परत आल्यापेक्षा बुडालेलीच बरी, असा उलटा न्याय होई. लोकांनी अशा बोटींना नाव ठेवले होते 'शवपेट्या'.

सगळे मालक असे होते असे नव्हे. सचोटीचे मालकही पुष्कळ होते, पण सचोटीने कमी माल भरणाऱ्याला लबाडाशी भावात टक्कर देता येत नसे. आणि खलाशी? एकदा करारावर सही केली आणि मग बोट पाहून तो म्हणाला की ही मी नाही नेणार, तर कायद्याने त्याला तुरुंगात धाडता येत असे. शेकडो खलाशी असे गजाआड गेले. समुद्र किंवा तुरुंग, एवढीच निवड. घरी बायको नि पोरे असलेला माणूस बहुधा समुद्रच पत्करी.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. बोटीवर भरतीची रेघ असावी ही कल्पना प्लिम्सॉलची नव्हे. टाइन नदीकाठचा जेम्स हॉल नावाचा मालक, म्हणजे खुद्द जहाजवाल्यांपैकीच एक, ह्या सुधारणेसाठी त्याच्या आधीपासून झटत होता. प्लिम्सॉलने ती उचलली आणि तिच्यासाठी स्वतःचे हसे, पैसा नि प्रकृती सारे पणाला लावले. कल्पना काढणाऱ्याचे नाव मागे राहते आणि तिच्यासाठी मार खाणाऱ्याचे पुढे येते. यात हॉलवर थोडा अन्याय झाला खरा.

१८७३ साली प्लिम्सॉलने आपल्या खलाशांच्या कैफियतीचे पुस्तक काढले. त्यात कागदपत्रांचे छायाचित्रित नमुने होते आणि इंग्लंडचा एक नकाशा होता. किनाऱ्याभोवती जिथे जिथे बोटी फुटल्या तिथे तिथे काळे ठिपके. लेखन विस्कळित. मध्येच देवाला साद, मध्येच विम्याचे हिशेब, मध्येच एखाद्या खलाशाच्या विधवेच्या खोलीचे वर्णन. पण हा गृहस्थ मनापासून बोलतो आहे हे लोकांना पटले. काही तपशील चुकले होते. अब्रुनुकसानीचे दावे लागले. उतावीळपणा हा त्याचा दोष होताच. ज्याचे डोके थंड असते त्याने हे काम हातीच घेतले नसते, असेही मला वाटते.

सरकारने चौकशी-मंडळ नेमले, विधेयक आणले, आणि २२ जुलै १८७५ रोजी पंतप्रधान डिझरेली ह्यांनी जाहीर केले की वेळेअभावी हे विधेयक यंदा बाजूला ठेवावे लागत आहे. पुढे हिवाळा, अटलांटिकवर जाणाऱ्या बोटींचा सर्वांत वाईट काळ. प्लिम्सॉलचा तोल गेला. तो सभागृहाच्या मध्यभागी आला. १८७४ साली बुडालेल्या बोटींची नावे आणि त्यांच्याबरोबर गेलेल्या ८७ माणसांचा आकडा सांगून त्याने विचारले की ह्या बोटींचा मालक एडवर्ड बेट्स हाच प्लिमथचा सभासद आहे की नाही. माणसांना मृत्यूच्या तोंडी देणाऱ्यांना त्याने बदमाश म्हटले. अध्यक्षांनी शब्द मागे घ्यायला सांगितले. तो म्हणाला, घेत नाही. त्याला सभागृह सोडावे लागले. एलायझा त्या दिवशी वरच्या स्त्रियांच्या सज्जात बसली होती. नवऱ्याला एवढ्या लोकांपुढे अपमानित होताना पाहणे सोपे नसावे.

ठपक्याचा ठराव आठवडाभर लांबवला गेला, आणि त्या आठवड्यात देश पेटला. गावोगाव सभा, वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने. आठवड्याने प्लिम्सॉलने सभागृहाची माफी मागितली ती शब्दांबद्दल. घटना मात्र त्याने मागे घेतल्या नाहीत. आणि ज्या सरकारला वेळ नव्हता त्याला वेळ सापडला. त्याच उन्हाळ्यात तात्पुरता कायदा झाला आणि १८७६ साली कायमचा.

त्या कायद्यात एक गंमत होती. रेघ काढली पाहिजे असे त्यात होते. ती कुठे काढावी हे मात्र मालकावर सोपवले होते! कार्डिफच्या एका कप्तानाने ती बोटीच्या धुराड्यावर रंगवली, अशी गोष्ट सांगतात. रेघेची जागा कायद्याने ठरायला १८९० साल उजाडावे लागले. परदेशी बोटींनाही ब्रिटिश बंदरांत तो नियम १९०६ पासून लागू झाला, आणि बहुतेक दर्यावर्दी राष्ट्रांनी एकत्र बसून तो मान्य केला १९३० मध्ये. पुढे १९६६ साली त्याची नव्याने मांडणी झाली. पन्नास-साठ वर्षांचे काम. कोकणातले हजारो खलाशी ब्रिटिश आगबोटींवर भट्टीपाशी नि डेकवर राबत होते. बोटीवरच्या ह्या रेघेचा आसरा त्यांनाही होता.

आज वर्तुळाशेजारी शिडीसारख्या आणखी रेघा दिसतात. गोड्या पाण्यात बोट अधिक खोल बसते म्हणून त्याची वेगळी रेघ. उष्ण कटिबंधाची वेगळी, उन्हाळ्याची वेगळी, हिवाळ्याची वेगळी, आणि उत्तर अटलांटिकच्या हिवाळ्याची सर्वांत खालची. आपला अरबी समुद्रही त्या नियमांत आहे. सप्टेंबर ते मे तो उष्ण कटिबंधाचा शांत समुद्र मानतात. १ जूनपासून ३१ ऑगस्टपर्यंत मात्र बोटीला कमी भरतीच्या 'उन्हाळी' रेघेवर थांबावे लागते. नारळीपौर्णिमेपर्यंत होडी पाण्यात न लोटणाऱ्या आपल्या कोळ्यांना हे सांगायला कुणा परिषदेची गरज नव्हती.

प्लिम्सॉलने १८८० साली आपली जागा दुसऱ्यासाठी मोकळी केली. १८८२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या प्रवासात, ब्रिस्बेन येथे, एलायझा वारली. पुढे १८८५ साली त्याने दुसरे लग्न केले आणि साठी उलटल्यावर पहिल्यांदा त्याच्या घरात पाळणा हलला. सहा मुले झाली. त्यांतली तीन जगली. म्हातारपणी तरी माणसाने स्वस्थ बसावे, पण नाही. अटलांटिकपार बोटींतून जनावरे कशी कोंबून नेतात ह्यावर त्याने १८९० साली आणखी एक पुस्तक लिहिले. खलाशांच्या संघाचे अध्यक्षपद घेतले. अमेरिकेच्या शाळांतील इतिहासाच्या पुस्तकांत इंग्लंडविषयी कडवटपणा शिकवला जातो, तो कमी व्हावा म्हणून तिकडे जाऊन आला. १८९८ च्या जूनमध्ये फोकस्टन येथे समुद्रकाठी तो वारला. लंडनमध्ये थेम्सच्या काठावर त्याचे स्मारक आहे. ते १९२९ साली खलाशांच्या संघाने उभारले, खलाशांचेच पैसे. इंग्रज पोरांना मात्र त्याचे नाव कळते ते पायांतून: कॅनव्हासच्या बुटाला रबराची पट्टी जिथे जोडतात तिथे बोटीसारखी रेघ दिसते, म्हणून तिकडे त्या बुटांनाच 'प्लिम्सॉल' म्हणतात.

ही गोष्ट सांगत होतो तेव्हा आमची आई ओटीवर बसून ऐकत होती. बोटींचे नाव निघाले की पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातल्या जुन्या माणसांना एकच बोट आठवते. १७ जुलै १९४७, आषाढी अमावास्या. मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' वाटेतच उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. आमच्या गावच्या कित्येक घरांत त्या दिवशी दिवा लागला नाही, असे आई तिच्या आईकडून ऐकलेले सांगते. भाचा मुकाट्याने ऐकत राहिला.

नवरात्रात आम्ही परत निघालो ते लाँचनेच. खाडीत मोठी बोट दिसली नाही. भाचा थोडा वेळ पाण्याकडे पाहत बसला, मग म्हणाला, "मामा, आपल्या लाँचला रेघ कुठंय?" मी त्याला आतली पाटी दाखवली, किती प्रवासी घ्यायचे तो आकडा तिथे रंगवलेला होता. त्याने लगेच बोट पुढे करून माणसे मोजायला सुरुवात केली. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा मोजत होता तेवढ्यात भाऊचा धक्का आला.