मूत्रपिंड आणि स्मरणशक्ती : जर्मनीत काय दिसून आलं



घरातलं वडीलधारं माणूस तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायला लागलं की आपण म्हणतो, "वय झालं आता." मी नर्स म्हणून काम केलं, त्यामुळे माझा पहिला प्रश्न वेगळा असतो : किडनीची तपासणी शेवटची कधी केली?

एबर्सबर्गचा अभ्यास

म्युनिकच्या पूर्वेला, बव्हेरिया राज्यात, एबर्सबर्ग हा भाग आहे. तिथे 'इन्व्हेड' नावाच्या प्रकल्पात ५५ वर्षांवरच्या ३,६७९ लोकांची तपासणी झाली. रक्तावरून किडनीचं काम मोजलं. बुद्धीसाठी सोपी चाचणी घेतली : महिने उलटे म्हणायचे, एक पत्ता लक्षात ठेवून थोड्या वेळाने सांगायचा. ज्यांची बुद्धी सुरुवातीला चांगली होती, त्यांना दोन वर्षांनी पुन्हा तपासलं. ज्यांच्या किडनीचं काम बरंच कमी झालं होतं, त्यांच्यात बुद्धी नव्याने मंदावण्याची शक्यता सुमारे दुप्पट दिसली. वय, ब्लडप्रेशर, डायबेटिस यांचा हिशेब धरूनही फरक राहिला. हे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले.

म्हणजे किडनी बिघडलेल्या प्रत्येकाला विस्मरण होणारच, असं नव्हे. पण लक्ष ठेवायला हवं.

असं का होतं?

मेंदू आणि किडनी दोन्हींना बारीक रक्तवाहिन्यांतून सतत भरपूर रक्त लागतं. ब्लडप्रेशर आणि साखर या वाहिन्या दोन्हीकडे खराब करतात. शिवाय किडनी मंदावली की नको ते पदार्थ रक्तात साठतात आणि रक्तही कमी होतं.

क्रिएटिनिन फसवतं

क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. वाळलेल्या, बारीक म्हाताऱ्या माणसात स्नायूच कमी, म्हणून आकडा "नॉर्मल" दिसतो आणि किडनी मात्र थकलेली असते. बर्लिनमध्ये ७० वर्षांवरच्या लोकांचा मोठा अभ्यास झाला. त्यातून २०१२ मध्ये खास वृद्धांसाठी किडनीचं काम मोजण्याची सूत्रं निघाली. आपण एवढं करावं : रिपोर्टवर 'ईजीएफआर' लिहिलाय का ते बघावं. तो तीन महिन्यांहून जास्त काळ ६० च्या खाली असेल, तर डॉक्टरांशी बोलावं.

अचानक गोंधळ झाला तर

वॉर्डात एकदा एक आजी आल्या. मुलालाही ओळखेनात. घरचे म्हणाले, डोकं गेलं. खरं तर जुलाबाने अंगातलं पाणी गेलं होतं, आणि गुडघेदुखीच्या गोळ्या चालूच होत्या. सलाईन लावलं, गोळ्या बंद केल्या. चौथ्या दिवशी त्यांनी मुलाला नावाने हाक मारली. हळूहळू वाढणारं विस्मरण वेगळं, आणि एक-दोन दिवसांत आलेला गोंधळ वेगळा. दुसऱ्यात त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

घरी काय करावं?

१. ब्लडप्रेशर किंवा डायबेटिस असेल, तर वर्षातून एकदा तरी ईजीएफआर आणि लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी करावी.

२. सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवाव्यात. गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, बॅक्लोफेन अशी औषधं किडनी मंद असेल तर अंगात साठतात आणि भ्रम होतो. मनाने मात्र काही बंद करू नये.

३. दुखण्यावरच्या गोळ्या स्वतःहून रोज घेऊ नयेत. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किडनीला त्रास देतात.

४. योम किप्पूरचा, आपल्या दारफाळणीच्या सणाचा, उपास पंचवीस तासांचा, तोही बिनपाण्याचा. किडनीच्या पेशंटने आधी डॉक्टरांना विचारावं. डॉक्टर नको म्हणाले, तर आजी-आजोबांना वाईट वाटतं. त्यांना समजावून सांगा की जीव वाचवणं उपासापेक्षा मोठं, हे आपल्याच धर्माने सांगितलंय.

"वय झालं" म्हणण्याआधी एकदा रक्त-लघवी तपासून घ्या.