देवयानीचा संसार आणि सांगलीचे दोन लेखक

ययाति आणि देवयानी यांच्या संसाराविषयी मराठी वाचकाचे मत बहुधा ठरलेले असते. राजा विलासी, राणी अहंकारी आणि दोघांच्या मध्ये निमूटपणे सोसणारी शर्मिष्ठा. वर्गात हा विषय निघाला की विद्यार्थीही हेच उत्तर देतात, आणि दोषाचे माप देवयानीच्या पदरात थोडे अधिकच टाकतात. हे मत मूळ महाभारतापेक्षा वि. स. खांडेकरांच्या 'ययाति'ने (१९५९) घडवलेले आहे. म्हणूनच एक योगायोग लक्षात घेण्यासारखा वाटतो. खांडेकर १८९८ साली सांगलीत जन्मले. त्यांच्याआधी सव्वीस वर्षे, १८७२ साली, त्याच सांगलीत कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर जन्मले होते, आणि त्यांनीही हीच देवयानी रंगभूमीवर आणली होती. मात्र ती ययातीची राणी नव्हती. ती कचावर प्रेम करणारी गुरुकन्या होती.

आदिपर्वातली कथा सलग आहे. संजीवनी विद्या मिळवण्यासाठी देवांनी बृहस्पतिपुत्र कचाला शुक्राचार्यांकडे धाडले. असुरांनी त्याला वारंवार मारले आणि देवयानीच्या हट्टापायी शुक्राचार्यांनी त्याला वारंवार जिवंत केले. शेवटी असुरांनी त्याची राख मद्यात मिसळून गुरूलाच पाजली. विद्या मिळाल्यावर देवयानीने विवाहाची इच्छा सांगितली, तेव्हा कचाने नाते पुढे केले: ती गुरुकन्या, शिवाय तो स्वतः गुरूच्या उदरातून बाहेर आलेला, म्हणून ती बहीण. तिने शाप दिला की ही विद्या तुला फळणार नाही. त्याने उलट शाप दिला की कोणीही ऋषिपुत्र तुझे पाणिग्रहण करणार नाही.

देवयानीच्या विवाहाचा विचार येथून सुरू व्हायला हवा. शर्मिष्ठेने विहिरीत ढकललेल्या देवयानीला ययातीने उजवा हात धरून वर काढले, आणि पुढे त्या हाताच्या आधारावरच तिने त्याच्याकडे विवाहाची मागणी केली. तो क्षत्रिय, ती ब्राह्मणकन्या. प्रतिलोम विवाहाच्या भीतीने ययाति कचरला. शुक्राचार्यांनी दोष लागणार नाही असे अभय दिले आणि शर्मिष्ठेला शय्येवर बोलावू नकोस अशी अटही घातली. म्हणजे या लग्नात एका शापाची पूर्तता आहे, एका अपमानाची भरपाई आहे, राजकन्येला दासी करण्याचा सूड आहे आणि सासऱ्याचा धाक आहे. दोन माणसांनी एकमेकांना ओळखून केलेली निवड मात्र त्यात कुठेच नाही.

खाडिलकरांनी 'विद्याहरण' (१९१३) लिहिले तेव्हा कथेचा पूर्वार्ध उचलला. मद्यपानाचा अनर्थ दाखवण्यावर त्यांचा भर होता आणि गुरूने नकळत प्यालेली शिष्याची राख हा त्या अनर्थाचा कळस होता. बालगंधर्वांनी देवयानीची भूमिका केली. प्रेक्षकांसमोर आली ती प्रेमात पडलेली, प्रियकरासाठी बापाशी झुंजणारी तरुणी. तिचे लग्न नाटकाच्या कक्षेत येतच नाही.

खांडेकरांनी आरंभ निराळ्या ठिकाणी केला. त्यांची कादंबरी ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा यांच्या निवेदनांतून पुढे जाते. परंतु सर्वाधिक पाने ययातीची आहेत आणि ती त्याच्या बालपणापासून सुरू होतात. नहुषाला मिळालेला शाप आणि वैरागी होऊन घर सोडून गेलेला थोरला भाऊ यती यांचे ओझे वाचक ययातीबरोबर वाहतो. देवयानीची ओळख होईपर्यंत आपण राजाच्या बाजूचे झालेले असतो. खांडेकरांची कलादृष्टी समजदार असल्यामुळे त्यांनी पूर्वार्ध पुसला नाही. मीलनाच्या पहिल्या रात्री मद्याचा दर्प देवयानीला असह्य होतो, आणि तो का असह्य व्हावा, हे कचाची राख आठवणाऱ्या वाचकाला सांगावे लागत नाही. ययातीला ते राणीचे आढ्यतेचे वागणे वाटते. खाडिलकरांचा प्रेक्षक त्या जागी असता तर त्याला ते दुःख वाटले असते.

कथेचा आरंभ कोठे करायचा यावर दोष कोणाचा हे ठरते, एवढेच मला सांगायचे आहे. घराघरांतील विजोड संसारांच्या कहाण्याही आपण अशाच, कोठून तरी मध्येच ऐकतो. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल 'शारदा' (१८९९) लिहिताना या बाबतीत अधिक सावध होते. म्हातारा नवरा आणि कोवळी मुलगी हा विजोडपणा त्यांनी लग्नानंतर दाखवला नाही. लग्न ठरवणाऱ्या बापाच्या पैशाच्या हव्यासापासूनच त्यांनी नाटक रचले.

'ययाति' प्रसिद्ध झाली तेव्हा सांगली हे दक्षिण सातारा जिल्ह्याचे ठाणे होते. जिल्ह्याला सांगलीचे नाव १९६० साली मिळाले. उत्तरेकडल्या सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरला जन्मलेल्या वसंत कानेटकरांनी 'मत्स्यगंधा' (१९६४) लिहिले, तेही याच कुळाच्या पुढल्या पिढ्यांविषयी. शंतनू पुरूचा वंशज. सत्यवतीशी त्याचा विवाहही अटीवर ठरला आणि ती अट देवव्रताने आजन्म ब्रह्मचर्य पत्करून पुरी केली. पुरूने बापाला तारुण्य दिले होते, देवव्रताने बापासाठी स्वतःचा संसार दिला. दोन्ही वेळा विजोड लग्नाची किंमत ते लग्न न ठरवलेल्या मुलाने चुकती केली.

कथेचा मोठा अन्याय मला येथे दिसतो. देवयानी अहंकारी होती हे मान्य करूनही म्हणावेसे वाटते की तिच्या अहंकाराने एक संसार मोडला. पण ज्या अटींवर तो उभारला गेला, त्या अटींनी पुढच्या पिढीचे आयुष्य खर्ची घातले. 'ययाति' पुन्हा वाचायला घेणाऱ्याने त्याआधी एकदा 'विद्याहरण' वाचावे. देवयानी निर्दोष ठरणार नाही. मात्र राजवाड्यात पाऊल टाकण्यापूर्वी ती कोण होती आणि तिने काय गमावले होते, हे ठाऊक असलेला वाचक तिचा निवाडा इतक्या घाईने करणार नाही.