वेस कुणाच्या दप्तरात?

माझी सगळी नोकरी भूमी अभिलेख खात्यात, मोजणीत गेली. जुनी इमारत दिसली की लोक नक्षी बघतात, मी सर्व्हे नंबर विचारतो. हसू नका. बीडमध्ये काय टिकलं नि काय गेलं, याचं निम्मं उत्तर त्या नंबरात आहे.

आपल्याकडे वास्तूंची सरकारी नोंद निजामाच्या राजवटीत सुरू झाली. हैदराबाद संस्थानानं १९१४ साली पुरातत्त्व खातं काढलं. गुलाम याझदानी त्याचे प्रमुख. अजिंठ्याच्या चित्रांची डागडुजी त्यांच्याच काळातली. १३३७ फसलीत, म्हणजे १९२७-२८च्या सुमारास, संस्थानानं प्राचीन वास्तूंचा कायदा केला. त्यानंतर महाराष्ट्राचा १९६०चा कायदा आला. त्याची रीत मला आवडते. सरकार आधी प्राथमिक अधिसूचना काढतं, तिची प्रत वास्तूजवळ डकवतं, हरकतींना दोन महिने देतं आणि मगच वास्तू संरक्षित ठरवतं. बीडचं कंकालेश्वर, धारूरचा किल्ला, अंबाजोगाईचा हत्तीखाना राज्याच्या यादीत आहेत. त्यांची देखभाल कशी होते हा वेगळा विषय, पण निदान जाब कुणाला विचारायचा हे ठाऊक आहे.

खरी पंचाईत खजाना बावडीसारख्या ठिकाणी कळते. निजामशाहीत, सोळाव्या शतकाच्या अखेरीस, बीडचा जहागीरदार सलाबतखान यानं राजा भास्कर या जाणकाराकडून ती बांधून घेतली. गोल विहीर, आत उतरायला पायऱ्या, पाण्याभोवती फिरता येईल असा कट्टा. डोळ्यांना दिसतं ते एवढंच. तिचा जीव आहे जमिनीखालच्या नहरींत. नहरींतून पाणी विहिरीत येतं आणि बलगुजारच्या शेतांकडे निघून जातं. मोटेविना, पंपाविना, नुसत्या उतारावर. मोजणीदार म्हणून मी त्या उतारापुढे हात जोडतो. आमच्या हाताशी लेव्हलचं यंत्र असूनही आम्ही चुकायचो. आता सांगा, या वास्तूची हद्द कुठे संपते? विहिरीला कुंपण घालता येईल, पण नहर दुसऱ्याच्या गटातून जाते. वर शेत नांगरलं जातं, बोअर घेतलं जातं. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नहरीचा उल्लेख नसेल, तर घेणाऱ्याला काय कळणार?

शहरातल्या वेशींचं दुखणं निराळं. कोतवाली वेस, राजुरी वेस ही नावं रिक्षावाल्याच्याही तोंडी. पण कमानीला टेकून दुकानं, वर वायरींची जाळी, त्यावर वाढदिवसाचे बॅनर. २३ जुलै १९८९ला बिंदुसरेचा पूर आला तेव्हा जुन्या बीडनं काय सोसलं, ते त्या पिढीला विचारा. अशा वेळी कमानीची मापं आणि फोटो दप्तरात असतील, तरच पडलेली कमान पुन्हा जशीच्या तशी उभी राहते.

अशा गावापुरत्या मोलाच्या वास्तू राज्याच्या यादीत बसतीलच असं नाही. त्यासाठी १९६६च्या नगररचना कायद्यात सोय आहे. विकास योजनेत ऐतिहासिक वास्तू जपण्याची तरतूद करता येते. मुंबईनं १९९५मध्ये वारसा नियमावली आणली, इमारतींना श्रेणी दिल्या, समिती नेमली. श्रेणीतल्या इमारतीला हात लावायचा तर समितीचं मत घ्यावं लागतं. इंग्लंडात स्थानिक नियोजन संस्था राष्ट्रीय यादीबाहेरच्या इमारतींची आपली वेगळी यादी ठेवते. त्या यादीनं कायद्याचं पूर्ण कवच मिळत नाही, पण बांधकाम परवानगी देताना ती विचारात घ्यावी लागते. मला तेवढंही चालेल. परवानगीची फाईल हलण्याआधी टेबलावरच्या माणसाला नकाशात ती वेस दिसली, तरी पुष्कळ झालं.

जाणकारांची समिती हवी, पण आधी हवा तो साधा मोजणी नकाशा. मालक खासगी असेल तर त्याला विश्वासात घ्या, नाहीतर यादीत नाव जाण्याआधीच रात्रीतून वाडा पडतो. ही भीती पोकळ नाही.

म्हणून बीड, अंबाजोगाई, परळी, धारूरच्या मंडळींना विनंती: गावाची प्रारूप विकास योजना प्रसिद्ध होईल तेव्हा नगरपालिकेत जाऊन नकाशा बघा. आपली वेस, बारव, वाडा त्यावर नसेल, तर सर्व्हे नंबर, चतुःसीमा आणि फोटो जोडून मुदतीत लेखी सूचना द्या. आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.