बेने इझ्राएल आणि ज्यू अस्मितेचा प्रश्न

बेने इझ्राएल हा कोकणच्या किनाऱ्यावर, मुख्यत्वे पूर्वीच्या कुलाबा (सध्याच्या रायगड) जिल्ह्यात, शतकानुशतके वसलेला मराठीभाषक ज्यू समाज. ‘ज्यू कोणास म्हणावे’ हा इझ्राएलच्या सार्वजनिक जीवनातील मूलभूत वाद १९६२–६४ या काळात या समाजाच्या निमित्ताने उफाळून आला.

अलिबागजवळील नवगाव येथे जहाज फुटून वाचलेली सात स्त्री-पुरुषांची जोडपी हे आपले मूळ होय, अशी समाजाची परंपरागत समजूत आहे. तिला समकालीन लेखी पुरावा नाही. तेल गाळणे हा त्यांचा पूर्वापार व्यवसाय. शब्बाथ पाळून शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ असे नाव पडले. सुंता, आहाराचे निर्बंध व ‘शमा’ ही प्रार्थना एवढा वारसा त्यांनी टिकविला होता. मात्र त्यांच्यात राब्बी नव्हते. दिवेकर, केहिमकर, रोहेकर, पेणकर ही आडनावे गावांवरून आलेली. शेजाऱ्यांनी त्यांना एक जात म्हणून सामावून घेतले. त्यांच्या धर्माची परीक्षा घेण्याचे कारण कोणास पडले नाही. सॅम्युएल एझीकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत पहिले सिनॅगॉग बांधले व त्यानंतर समाजाचा बाहेरच्या ज्यू जगाशी संबंध वाढत गेला.

शंकेची सुरुवातही याच संबंधांतून झाली. मुंबईतील बगदादी ज्यूंनी बेने इझ्राएलांच्या धार्मिक शुद्धतेविषयी आक्षेप घेतले व त्यांच्याशी विवाहसंबंध टाळले. स्वतः बेने इझ्राएलांतही ‘गोरे’ व ‘काळे’ असा भेद होता, आणि मिश्र संततीच्या मानलेल्या काळ्यांना गोरे कमी लेखत. वंशशुद्धीची जी कसोटी पुढे साऱ्या समाजाला लावण्यात आली, ती त्याला अगदीच अपरिचित नव्हती.

झिऑनवादाकडे हा समाज प्रारंभी ओढला गेला नाही. बाझेल येथील १८९७ च्या पहिल्या झिऑनवादी परिषदेचे निमंत्रण त्याने स्वीकारले नाही. पवित्र भूमीकडे परतणे हे ईश्वरी इच्छेने घडावयाचे, अशी श्रद्धा त्यामागे होती. १९४८ नंतर हे चित्र पालटले. रेल्वे, टपाल, जकात अशा सरकारी खात्यांत स्थिरावलेल्या या समाजाला ब्रिटिश सत्ता गेल्यावर भवितव्याची चिंता वाटू लागली. धार्मिक ओढही होतीच. येथे त्यांचा छळ झालेला नव्हता, ही बाब यूरोप व अरब देशांतून आलेल्या ज्यूंपेक्षा त्यांना वेगळी ठरविते.

इझ्राएलमध्ये बीरशेबा, दिमोना, लोद, अश्दोद इ. ठिकाणी त्यांची वस्ती झाली. वर्णावरून भेदभाव होतो, अशी तक्रार करून काहींनी १९५१–५२ मध्ये तेल आवीव्ह येथे धरणे धरले व शंभराहून अधिक जण भारतात परत आले. त्यांतील बहुतेक पुढे पुन्हा इझ्राएलला गेले. पौर्वात्य ज्यूंमधील हा असंतोष केवळ भारतीयांपुरता नव्हता. हैफातील वादी सलीब भागात १९५९ मध्ये मोरोक्कन ज्यूंचे दंगे झाले.

विवाहाचा प्रश्न मात्र याहून खोल होता. १९५० च्या परतीच्या कायद्याने प्रत्येक ज्यूस इझ्राएलमध्ये स्थायिक होण्याचा हक्क दिला. परंतु १९५३ च्या कायद्याने ज्यूंचे विवाह व घटस्फोट राब्बींच्या न्यायालयांकडे सोपविले. नागरिकत्वासाठी जो ज्यू ठरला, तो विवाहासाठीही ठरेलच, याची त्यामुळे शाश्वती उरली नाही. धर्मशास्त्रानुसार विधियुक्त घटस्फोट न घेता पुनर्विवाह केलेल्या स्त्रीची त्या विवाहातील संतती इतर ज्यूंशी विवाह करण्यास अपात्र ठरते, आणि हा दोष पिढ्यान्‌पिढ्या चालतो. राब्बी नसलेल्या समाजात असे घटस्फोट झाले असतील, ही धर्मपीठाची शंका. घटस्फोट आमच्यात जवळजवळ नव्हतेच व विधवाविवाहाचीही रूढी नव्हती, हे समाजाचे उत्तर. म्हणजे हिंदू शेजाऱ्यांच्या सहवासात दृढ झालेली रूढीच येथे ज्यू शास्त्राच्या आक्षेपाला उत्तर म्हणून पुढे आली. धर्मपीठाला ते पुरेसे वाटले नाही. मुख्य राब्बी इत्झाक निस्सीम यांच्या काळात, फेब्रुवारी १९६२ मध्ये, विवाहनोंदणी करणाऱ्यांना असा आदेश देण्यात आला, की बेने इझ्राएल वधूवरांच्या आईची, आजीची व शक्य तेथवर मागील पिढ्यांची चौकशी करावी. तत्त्वतः विवाहास मनाई नव्हती. पण एका समाजाचे नाव घेऊन ही अट घातल्याने तो संपूर्ण समाजच संशयित ठरला. ज्या गावांत जन्ममृत्यूच्या नोंदीच नव्हत्या, तेथील पणजीचा पुरावा कोणी व कोठून आणावा, हाही प्रश्न होताच.

निषेधाची तीव्रता १९६४ च्या उन्हाळ्यात शिगेला पोहोचली. जेरूसलेममध्ये बेने इझ्राएल कुटुंबांनी धरणे धरले. ऑगस्टमध्ये पार्लमेंटचे (क्नेसेट) विशेष अधिवेशन भरले. बेने इझ्राएल हे सर्व दृष्टींनी ज्यू असून त्यांचे हक्क इतरांसारखेच आहेत, असे लेव्ही एश्कोल यांच्या शासनाने घोषित केले व धर्मपीठास आदेश बदलण्यास सांगितले. त्याच महिन्याच्या अखेरीस धर्मपीठाने आदेशातून समाजाचे नाव वगळून ‘ज्यांच्याविषयी शंका असेल अशा’ सर्वांना तो लागू केला. समाजाचा अपमान दूर झाला. चौकशीचा अधिकार मात्र धर्मपीठाकडेच राहिला.

हा अधिकार पुढेही वादाचा विषय ठरला. १९७० च्या दुरुस्तीने ज्यू मातेची संतती अथवा धर्मांतरित व्यक्ती, अशी ज्यूची व्याख्या परतीच्या कायद्यात आली. त्याच दुरुस्तीने ज्यूंच्या नातवंडांपर्यंतच्या कुटुंबीयांनाही प्रवेशाचा हक्क दिला. परिणामी १९९० नंतर सोव्हिएट प्रदेशांतून आलेल्या लक्षावधींपैकी अनेक जण नागरिक झाले, पण धर्मपीठाच्या लेखी ज्यू ठरले नाहीत. इथिओपियाच्या ज्यूंनी प्रतीकात्मक धर्मांतराच्या अटीविरुद्ध १९८५ मध्ये जेरूसलेममध्ये धरणे धरले, तेव्हा बेने इझ्राएलांचा लढा त्यांच्यापुढे होता.

भारतात आता काही हजारच ज्यू उरले आहेत. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. इझ्राएलमधील बेने इझ्राएलांची संख्या त्यांच्या कितीतरी पट आहे. संदेष्टा एलियाच्या स्मरणार्थ पोहे, गूळ-खोबऱ्याच्या मलिद्याचा विधी तेथे आजही होतो, आणि १९८० च्या दशकात सुरू झालेल्या मायबोली या नियतकालिकाने तेथील मराठी लेखनास आश्रय दिला.