दुग्धाम्लावरचा आळ

१८५४ साली आगगाडी ठाण्याहून पुढे कल्याणला पोचली, आणि तेव्हापासून आमच्या भागातला माणूस धावतोच आहे. डोंबिवलीच्या जिन्यावरून सकाळची लोकल गाठणारा गृहस्थ पाहा. गाडी मिळते, पण पुढली काही मिनिटे त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. मॅट्रिकवर थांबलेल्या माझ्यासारख्या मास्तराने शास्त्रात डोकावू नये, असे कोणी म्हणेल; पण या धापेमागची हकीकत कादंबरीकाराला सोडवत नाही.

त्या धावेत स्नायूंना हवा तितका प्राणवायू रक्त लगोलग पुरवू शकत नाही. तरी पाय थांबत नाहीत. पेशी साखर अर्धवटच मोडून शक्ती काढतात. शक्तीचे नाणे म्हणजे एटीपी. प्राणवायू असता साखरेच्या एका रेणूमागे अशी तीसेक नाणी मिळतात, नसता दोनच. मागे उरते दुग्धाम्ल, दही आंबवणारेच ते आम्ल!

आंबलेल्या दुधात ते शेलेने १७८० साली ओळखले. १८०७ मध्ये बर्झेलियसला ते स्नायूंत सापडले. पुढे शंभर वर्षांनी, १९०७ साली, केंब्रिजच्या फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी बेडकाच्या स्नायूंवर दाखवले की, प्राणवायूवाचून राबवलेल्या स्नायूत ते साचते आणि प्राणवायू मिळताच ओसरते. जर्मनीतल्या मायरहोफने त्याचा साखरेशी हिशेब जुळवला. इंग्लंडच्या हिलबरोबर त्याला १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण तो पडला यहुदी. १९३८ मध्ये त्याला जर्मनी सोडावी लागली, आणि १९४० मध्ये पिरेनीज पर्वत ओलांडून फ्रान्समधूनही निसटावे लागले.

दुग्धाम्लामुळेच स्नायू आकसतो, अशी तोवर विद्वानांचीही समजूत होती. १९२७ साली हार्वर्डमध्ये फिस्के आणि आपल्या आंध्रातले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी स्नायूत फॉस्फोक्रिएटिन हे निराळेच द्रव्य शोधले. धावेच्या पहिल्या काही सेकंदांचा खर्च मुख्यतः तेच भागवते. १९३० मध्ये डेन्मार्कच्या लुंड्सगार्डने तर दुग्धाम्ल बनूच न देता स्नायू आकसून दाखवला.

पण आळ एकदा आला की सहजी जात नाही. आजही दुसऱ्या दिवशी पोटऱ्या दुखल्या की लोक दुग्धाम्लाला बोल लावतात. ते बिचारे तास-दीड तासात ओसरलेले असते. दुखणे असते ते ताणलेल्या स्नायूतंतूंच्या बारीकसारीक इजांचे. उलट हृदय हेच दुग्धाम्ल इंधन म्हणून जाळते, आणि यकृत त्याची पुन्हा साखर करते. यकृताचा हा फेरा कोरी पतिपत्नींनी १९२९ साली मांडला.

ही सोय केवळ अडल्यावेळची आहे असेही नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी प्राणवायू साऱ्या देहाला घरपोच करतात, आणि आपल्या पोटासाठी त्यातला कणही घेत नाहीत. गवळ्याच्या घरी कोरा चहा, तशातलाच प्रकार! त्या जन्मभर साखर अर्धवट मोडूनच जगतात. कारण प्राणवायू वापरणारी यंत्रणा त्यांनी पक्व होतानाच टाकून दिलेली असते.